नर्सिंग नोट्स: पानं भरतात, पण फाईल उघडली की हवं ते सापडत नाही

परिसेविका_वॉर्ड३
तालुक्याच्या गावातलं १०० खाटांचं खासगी रुग्णालय. मेडिसिन वॉर्ड ३० खाटांचा. सकाळी ४, दुपारी ३, रात्री २ स्टाफ. संगणक फक्त बिलिंगला, बाकी सगळं कागदावर. लिखाण कमी पडतंय अशी तक्रार नाही, उलट जास्तच होतंय. एकच बीपी टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) चार्टवर, नर्सेस नोट्समध्ये, ओव्हरच्या (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवण्याच्या) रजिस्टरमध्ये आणि राउंडसाठी फाईलला टोचलेल्या चिठ्ठीवर असं चार ठिकाणी उतरतं आणि चारातले दोन आकडे जुळत नाहीत. तिन्ही पाळ्यांच्या नोट्स एकमेकींच्या झेरॉक्स: ‘रुग्ण स्टेबल. व्हायटल्स नॉर्मल. ऑर्डरप्रमाणे ट्रीटमेंट दिली. विशेष तक्रार नाही.’ औषधांच्या वेळा सगळ्यांच्या ८, २, ८. इनटेक-आउटपुटची (शरीरात किती द्रव गेला, किती बाहेर आला) बेरीज लागत नाही. डिस्चार्जच्या दिवशी रिकाम्या चौकटी भरायला दोघी बसतात. नवीन स्टाफ मिळणार नाही हे धरूनच सांगा, आधी हात कशाला घालायचा?

टीपीआर_चार्ट
ताई, आधी नवा फॉर्म छापू नका, ही पहिली चूक सगळे करतात. एक भरती रुग्ण निवडा, त्याच्यासाठी २४ तासांत जे जे कागद, रजिस्टरं आणि चिठ्ठ्या भरल्या जातात ते सगळं एका टेबलावर मांडा. मग बीपी, ऑक्सिजन, औषध, सलाईन, लघवी यातली एकेक गोष्ट किती ठिकाणी लिहिली जाते त्यावर पेन्सिलने खूण करा. प्रत्येक गोष्टीला एकच घर ठरवा. बीपीचं घर टीपीआर चार्ट. मग नर्सेस नोट्समध्ये बीपी फक्त ते बिघडलं असेल तेव्हाच येईल, आणि ओव्हर रजिस्टरमध्ये आकडे मुळीच नकोत. राउंडची चिठ्ठी बंद, डॉक्टरांनी चार्ट बघायचा. यावर एखादे कन्सल्टंट कुरकुर करतील. त्यांच्याशी बोलणं अधिसेविकेने करायचं, स्टाफवर सोडायचं नाही.

दुसरी गोष्ट जागेची. चार्ट नर्सिंग स्टेशनवर आणि बीपीचं मशीन बेडजवळ असेल, तर आकडा आधी तळहातावर किंवा कापसाच्या पाकिटावर लिहिला जातो आणि आठ-दहा रुग्णांचे आकडे एकदम चार्टवर चढतात. न जुळणारे आकडे तिथेच जन्मतात. बेडच्या पायथ्याला क्लिपबोर्ड, त्याला दोऱ्याने पेन, त्यावर फक्त टीपीआर आणि इनटेक-आउटपुट. औषधांचा चार्ट ट्रॉलीबरोबर फिरेल. केसपेपर आणि डॉक्टरांच्या नोट्स स्टेशनवरच राहू द्या, नाहीतर नातेवाईक चाळत बसतात.

आता नोट्स. पाळीत तीनच प्रसंगी लिहायचं: रुग्ण ताब्यात घेतल्यावर, काही बदललं किंवा घडलं तेव्हा, आणि पाळी संपताना. अधलं ‘स्टेबल’ काढून टाका, त्या शब्दात माहिती शून्य आहे. काय दिसलं, काय केलं, कोणाला किती वाजता कळवलं, ते काय म्हणाले, मग काय फरक पडला, या क्रमाने लिहायला लावा. नमुना देतो (एसपीओटू म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, रूम एअर म्हणजे वेगळा ऑक्सिजन न लावता, नेझल प्रॉन्ग्स म्हणजे नाकातल्या नळ्या):

‘०१:२०. धाप लागते म्हणून बेल. श्वसन २६, रूम एअरवर एसपीओटू ९१, नाडी ११२, बीपी १०४/६६, ताप १०० फॅ. पूर्ण शुद्धीवर, वाक्य तोडून बोलतो. पाठ ४५ अंश उचलली. ०१:२५ ड्युटी डॉक्टरांना फोन, वरील आकडे सांगितले. तोंडी आदेश: नेझल प्रॉन्ग्सने ऑक्सिजन २ लिटर, वाचून दाखवला, बरोबर म्हणाले. ०१:३० ऑक्सिजन सुरू. ०१:४० डॉक्टर बेडपाशी. ०१:५० श्वसन २२, एसपीओटू ९५, नाडी १०४, बीपी १०८/६८.’

लिहायला तीन मिनिटं लागतात. पण ‘रात्री रुग्णाला श्वासाचा त्रास, डॉक्टरांना कळवले, ऑक्सिजन दिला’ या ओळीतून सकाळच्या पाळीला काहीच उमगत नाही, आणि डॉक्टर ०१:४० ला आले की ०४:४० ला, हेही नाही.

रात्रपाळी_ब्रदर
वरच्या नमुन्यावर न्यूज-२ स्कोअर (मोजलेल्या आकड्यांना गुण देऊन रुग्ण किती बिघडलाय ते दाखवणारी बेरीज) लावून बघा, म्हणजे चार्टवर तो का हवा ते कळेल. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून दिलेली ही पद्धत, कागदावर आरामात चालते. ०१:२० ला श्वसन २६ चे ३, एसपीओटू ९१ चे ३, नाडी ११२ चे २, सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) १०४ चा १, तापाला ०, शुद्धीला ०. एकूण ९. सात किंवा वर म्हणजे तातडी. ऑक्सिजन लावल्यावर रुग्ण बरा दिसतो, एसपीओटू ९५ आलेला, सगळे निःश्वास टाकतात. पण ०१:५० चा स्कोअर मोजा: श्वसन २२ चे २, एसपीओटू ९५ चा १, ऑक्सिजन चालू असल्याचे २, नाडी १०४ चा १, सिस्टॉलिक १०८ चा १. अजून ७. म्हणजे रुग्ण तातडीतच आहे. नुसता ९५ आकडा लिहिला आणि शेजारी ‘२ लिटरवर’ लिहिलं नाही, तर पुढच्या पाळीची फसगत ठरलेली. एसपीओटूच्या चौकटीखाली ‘रूम एअर / किती लिटर’ अशी वेगळी चौकट छापून घ्या.

दोन सावधानता. मूळ तक्त्यात ताप सेल्सिअसमध्ये असतो, आपल्या वॉर्डात फॅरनहाइट चालतं. मनात रूपांतर करायला लावलंत तर चुकणारच. तक्त्यावर थेट ९७.० ते १००.४ ला शून्य, १०२.२ पर्यंत १, त्यावर २ असं छापा. खाली ९५.१ ते ९६.८ ला १, आणि ९५ किंवा त्याहून कमी असेल तर ३. आणि जुन्या सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या) रुग्णाला एसपीओटूची ८८ ते ९२ ची वेगळी पट्टी असते, ती डॉक्टरांनी लेखी ठरवून दिली असेल तरच वापरायची.

श्वसनाबद्दल एक कडू गोष्ट. कुठल्याही वॉर्डाचा चार्ट उघडा, श्वसन १८ किंवा २० सोडून तिसरा आकडा क्वचित. मोजलेलं नसतं. आणि रुग्ण बिघडतो तेव्हा बहुधा सगळ्यात आधी हलतो तो हाच आकडा. ६० सेकंद मोजा, नाडीवर बोट ठेवूनच मोजा, म्हणजे रुग्ण श्वास मुद्दाम बदलत नाही.

परिसेविका_वॉर्ड३
स्कोअरचं पटलं. पण रात्री २ जणी, ३० रुग्ण. चार-चार तासांनी सगळ्यांचं मोजून स्कोअर काढणं शक्य नाही.

रात्रपाळी_ब्रदर
सगळ्यांचं चार तासांनी करायचंच नाही, हाच तर फायदा. स्कोअर ० असेल तर १२ तासांतून किमान एकदा. १ ते ४ ला चार ते सहा तासांनी. एकाच चौकटीत ३ आले, किंवा एकूण ५-६ झाले तर तासाला, आणि ७ किंवा वर सतत देखरेख. आज तुमच्याकडे सरसकट नियम आहे, म्हणून उद्या घरी जाणाऱ्या रुग्णाला पहाटे चारला उठवून बीपी घेतलं जातं आणि शेजारच्या धापवाल्याचंही तेवढ्याच वेळा. डॉक्टरांनी वेगळी वेळ लिहिली असेल तर अर्थात तीच पाळायची. रक्त चढवणं, ताजं ऑपरेशन, इन्सुलिन इन्फ्युजन यांचे नियम वेगळे. रक्ताला सुरू करण्याआधी, सुरू केल्यावर १५ मिनिटांनी आणि संपल्यावर नोंद हवीच, आणि पिशवी लटकवल्याची व संपल्याची वेळही. चार तासांच्या आत पिशवी संपली की नाही ते त्यावरूनच कळतं.

डबलचेक
औषधांच्या चार्टवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ३० रुग्णांना बरोबर ०८:०० वाजता औषध देणं कोणालाही शक्य नाही, आणि ते चार्ट बघणाऱ्या कुणालाही एका नजरेत कळतं. छापील ८ ही ठरलेली वेळ. तिच्यापुढे दिल्याची खरी वेळ आणि सही अशी जागा हवी. ०८:३५ लिहिलं म्हणून कोणी फासावर देत नाही. किती मागेपुढे चालेल ते रुग्णालयाच्या धोरणात लिहून घ्या, म्हणजे स्टाफला खरी वेळ लिहायची भीती राहणार नाही.

सही औषध दिल्यावर. ट्रॉली लावतानाच आठही चौकटींत सह्या करून मोकळं व्हायची सवय घातक आहे: रुग्ण सोनोग्राफीला गेलेला असतो, डोस वाटीत राहतो, चार्ट म्हणतो दिला. दिलं नाही तर चौकट रिकामी सोडायची नाही आणि नुसता गोल काढायचा नाही, कारण लिहायचं: उपाशी ठेवलंय, नकार, वॉर्डाबाहेर, औषध उपलब्ध नाही, डॉक्टरांनी थांबवलं. या पाच कारणांना पाच अक्षरं ठरवा आणि चार्टच्या तळाशी छापा. ‘उपलब्ध नाही’ असेल तर फार्मसीला आणि डॉक्टरांना कळवल्याची वेळही लागेल.

इन्सुलिनबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली, दोन्ही ताकदीच्या बाटल्या फिरतात. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपी आणि १०० ची केशरी. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला मिळतात ८ युनिट. उलट केलं, १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर त्याच खुणेला ५० युनिट. चार्टवर ‘२० युनिट’ बरोबरच दिसणार! म्हणून इन्सुलिनच्या चौकटीत बाटलीची ताकद, साखरेचा आकडा व वेळ, आणि दुसऱ्या स्टाफची सही. युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. इंग्रजी यू घाईत शून्यासारखा निघतो आणि ४ चे ४० होतात. तसंच दशांश: अर्ध्या मिलिग्रॅमला ०.५ लिहा, पुढचं शून्य गाळायचं नाही. एक मिलिग्रॅमला नुसता १, मागे ‘.०’ जोडायचा नाही.

पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या अँपूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतात. ‘केसीएल १ अँप दिले’ ही नोंद नव्हेच. कुठल्या सलाईनमध्ये, किती मिलीत, कुठल्या दराने, सुरू कधी, दोघींच्या सह्या.

एसओएस (गरज लागली तरच द्यायच्या) औषधाला कारण आणि परिणाम दोन्ही लागतात. दुखणं १० पैकी ७ होतं, १४:१० ला इंजेक्शन, ते १५:०० ला किती? परिणामाची ओळ बहुतेक फाईलींत नसते.

आणि व्हॉट्सअॅपवर येणारे आदेश. फोनमध्ये राहिलेला आदेश म्हणजे आदेशच नाही. ऑर्डर शीटवर वेळ, डॉक्टरांचं नाव, ‘संदेशाने’ असं लिहून घ्या, संदेश पाठवून खात्री करा आणि २४ तासांत त्यांची सही घ्या. चार्टचा फोटो पाठवायचाच असेल तर नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून.

सलाईन_स्टँड
इनटेक-आउटपुटची बेरीज का लागत नाही याची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात मोठं कारण पाळी बदलताना लटकणारी बाटली. संध्याकाळी ६ ला ५०० मिलीची लावली, रात्री ८ ला ओव्हर घेताना ३५० शिल्लक. दुपारच्या पाळीने लावली म्हणून ५०० लिहिले, रात्रीच्या पाळीने संपवली म्हणून ५०० लिहिले. एका बाटलीचे हजार मिली झाले. नियम एकच, गेलं तेवढंच लिहायचं. दुपारला १५०, रात्रीला ३५०. बाटलीवर पट्टी चिकटवून पाळी संपतानाची पातळी पेनने आखली की वाद संपतो.

दुसरं, छोट्या बाटल्या कोणी धरतच नाही. पॅरासिटामॉलची १०० मिली, अँटिबायोटिकची १०० मिली दिवसातून तीनदा, फ्लशचे (सलाईनची नळी धुण्याचे) १० मिली. दिवसाला अर्धा लिटर इथेच गळतो, आणि हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला अर्धा लिटर म्हणजे थोडंथोडकं नाही.

तिसरं, तोंडाने घेतलेलं. ‘चहा १ कप, पाणी २ ग्लास’ म्हणजे किती? वॉर्डातला कप, ग्लास, वाटी आणि पेजेचा वाडगा मोजपात्राने एकदा मोजा आणि ते आकडे चार्टच्या माथ्यावर छापा. घरून आलेला तांब्या चालणार नाही. नातेवाइकांना खुणा असलेली अर्ध्या लिटरची बाटली द्या, सकाळी भरायची आणि किती उरलं ते वाचायचं.

चौथं, युरोबॅग (लघवीची पिशवी). मावशींनी बॅग रिकामी केली, बादली धुतली, आकडा गटारात. मावशींना आणि मामांना लिहायला लावा, अगदी आकडा आणि वेळ एवढंच, बाथरूमच्या दारावर टांगलेल्या पाटीवर. तिथून स्टाफने चार्टवर घ्यायचं. डायपर असेल तर वजनकाटा: ओल्यातून कोरड्याचं वजन वजा, एक ग्रॅमला एक मिली धरायचं.

पण मुख्य म्हणजे सगळ्या ३० जणांचं इनटेक-आउटपुट ठेवू नका. डॉक्टरांच्या आदेशाने ठराविकच: हृदय, किडनी, लिव्हर, कॅथेटरवाले, जुलाब-उलट्यावाले. उरलेल्यांचे चार्ट कोणी वाचत नाही, म्हणून अंदाजे भरले जातात आणि तीच सवय गंभीर रुग्णाच्या चार्टला लागते. ज्यांचं ठेवाल त्यांच्या चार्टवर कळवायची मर्यादा लिहा. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे ६ तासांत १८० च्या खाली लघवी गेली की फोन. २४ तासांची बेरीज सकाळी ६ लाच बंद करा, ८ ला नको. ८ ला ओव्हरची गडबड असते.

फाईलतपासणी
डिस्चार्जच्या दिवशी रिकाम्या चौकटी भरणं आजच बंद करा, बाकीचं सावकाश करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून खासगी रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते. उद्या तोच कागद समोर ठेवला जाईल. रिकामी चौकट म्हणजे राहून गेलेलं काम. नंतर भरलेली चौकट म्हणजे बनवाबनवी, आणि ती एक सापडली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ती सापडतेही: बिलिंगच्या संगणकात रुग्ण १०:४० ला एक्स-रेला गेल्याची वेळ असते आणि चार्टवर १०:४५ ला बेडवर बीपी.

राहिलेली नोंद खरोखर आठवत असेल तर ती पुढच्या मोकळ्या ओळीवर, ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून, आत्ताची तारीख-वेळ आणि प्रसंगाची वेळ दोन्ही देऊन. दोन ओळींमध्ये घुसवायची नाही. चूक झाली तर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी आद्याक्षरं व वेळ. व्हाइटनर वॉर्डात ठेवूच नका. आणि नातेवाइकांनी फाईलची प्रत मागितल्यानंतर जुन्या पानांना पेन लावायचा नाही.

वरच्या एका सल्ल्याशी मात्र असहमत. तीनच प्रसंगी लिहा हे ठीक, पण पडण्याचा धोका, पाठीची त्वचा, कॅन्युलाची (शिरेत घातलेल्या नळीची) जागा हे काही ‘घडलं’ नाही तरी पाळीला एकदा दिसायला हवं. बेडसोर उठल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की आधीच्या दिवशी त्वचा कशी होती. त्याला चौकटी पुरतील: कुशीवर वळवल्याची वेळ आणि बाजू, ब्रेडन स्कोअर (१८ किंवा कमी म्हणजे बेडसोरचा धोका), कॅन्युला घातल्याची तारीख आणि फ्लेबायटिसचा (शीर सुजण्याचा) आकडा. तो २ झाला की कॅन्युला काढायचा आणि काढल्याचं लिहायचं. नुसत्या बरोबरच्या खुणा मात्र नकोत; खूण न बघताही करता येते, ‘डावी कूस, १४:००’ लिहायला निदान बेडपाशी जावं लागतं.

टीपीआर_चार्ट
मान्य. त्वचा आणि कॅन्युला चौकटीत हव्यात, माझ्याकडून सुटलं.

भाषेचंही बोलायला हवं. रुग्ण काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, मराठीतच, अवतरणात लिहा. ‘जीव घाबरतोय’ याचं इंग्रजीत ‘अँग्झायटी’ झालं की संपलं. जीव घाबरतोय म्हणणाऱ्याची साखर ५० असू शकते, नाडी १४० असू शकते, किंवा तो हार्ट अटॅकमध्ये असू शकतो. ‘छातीत भरून आलंय’, ‘डोळ्यापुढे अंधारी’, ‘अंग गळून गेलंय’ हे सगळं जसंच्या तसं, आणि शेजारी मोजलेले आकडे. नर्सिंग नोट इंग्रजीतच हवी म्हणून तोडक्यामोडक्या इंग्रजीत ‘पेशंट इज ओके’ लिहिण्यापेक्षा मराठीत नीट चार ओळी कधीही बऱ्या. फक्त औषधांची नावं आणि मात्रा एकाच लिपीत ठेवा.

परिसेविका_वॉर्ड३
खूप कामाचं मिळालं. दोन शंका उरल्या. ओव्हर रजिस्टरमध्ये आकडे नसतील तर ओव्हर कशावर द्यायची? आणि मॅनेजमेंट म्हणतंय की पुढच्या वर्षी सगळं टॅबवर घेऊ, तर आता कागद सुधारण्यात अर्थ आहे का?

रात्रपाळी_ब्रदर
ओव्हर बेडपाशी, क्लिपबोर्ड हातात धरून. रुग्ण कोण आणि कशासाठी भरती, या पाळीत काय झालं, आत्ताचा स्कोअर, पुढच्या पाळीने काय करायचं राहिलंय. स्थिर रुग्णाला अर्धं मिनिट, गंभीर रुग्णाला तीन. बोलताना घेणारीने चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्या: सलाईनची पातळी आणि दर, कॅन्युला, युरोबॅग, ऑक्सिजनचे लिटर. चार्टच्या तळाशी देणारीची आणि घेणारीची सही. एचआयव्हीसारखी माहिती किंवा कुटुंबातले वाद बेडपाशी बोलायचे नाहीत, ते स्टेशनवर. रजिस्टर फक्त वॉर्डाच्या गोष्टींना ठेवा: खाटा, नार्कोटिक्सच्या किल्ल्या आणि मोजणी, क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचं) सील, बंद पडलेला सक्शन.

फाईलतपासणी
टॅबचं म्हणाल तर कागद आधी. चार ठिकाणी लिहायची पद्धत तशीच संगणकात गेली की चार स्क्रीन होतात, शिवाय कालची नोट कॉपी करून चिकटवायची सोय फुकट. विकत घेताना तीन गोष्टी विचारा: प्रत्येकीला वेगळं लॉगिन आहे का, नोंद केल्याची वेळ सिस्टीम आपोआप टाकते का, आणि दुरुस्ती केल्यावर जुनं दिसतं का. वीज किंवा नेटवर्क गेल्यावर वापरायचे कागद ट्रॉलीत छापील ठेवा.

सुरुवात ६ खाटांवर दोन आठवडे. तपासणी चालू फाईलींची करा, बंद झालेल्यांची नंतर. आठवड्याला पाच फाईली, आणि प्रत्येकीत एकाच औषधाचा माग काढा: आदेश किती वाजता, दिलं किती वाजता, परिणाम लिहिलाय का. चूक त्याच दिवशी त्याच स्टाफला दाखवा, नोटीस बोर्डावर नावं लावू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून सगळे चार्ट सुंदर आणि खोटे होतील.

सलाईन_स्टँड
आणि वॉर्डातली सगळी घड्याळं एक करा. भिंतीवरचं, मॉनिटरचं, ईसीजी मशीनचं, ग्लुकोमीटरचं. ग्लुकोमीटरची बॅटरी बदलली की त्याची तारीख-वेळ पुसली जाऊ शकते, म्हणून साखरेची वेळ मशीनवरून उतरवण्याआधी भिंतीकडे बघा. दर सोमवारी सकाळच्या पाळीत एका जणीने फेरी मारून जुळवायची. वेळ २४ तासांच्या पद्धतीत, आणि रात्री १२ नंतरच्या पहिल्या नोंदीला नवी तारीख टाकायला विसरू नका.

परिसेविका_वॉर्ड३
उद्या टेबलावर कागद मांडते. ग्लास स्टीलचे आणि काचेचे असे दोन मापांचे आहेत, तेही मोजून घेते.

सलाईन_स्टँड
दोन मापं चार्टवर छापू नका. एक प्रकारचे ग्लास स्टोअरला परत द्या.